आखूड मानेचा पाहुणा

डॉक्टरांनी माझ्या मानेचा एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला आणि ते "अरे वा!" म्हणाले. डॉक्टर खूश झाले की आपण घाबरायचं असतं, एवढं मला कळतं. मी स्टुलावर सावरून बसले. डॉक्टर अगदीच तरुण, शर्टाची इस्त्री अजून कॉलेजातली. "मॅडम, तुमच्या मानेला बरगडी आहे," ते म्हणाले, लॉटरी लागल्याचं सांगावं तसं. मानेच्या शेवटच्या मणक्याच्या डाव्या अंगाला खरंच एक बारीक पांढरी काडी फुटलेली दिसत होती. "फार थोड्या लोकांना असते. तिचा त्रास काही नाही. मान दुखते ती तुमच्या वाकून बसण्यानं, त्या बिचारीवर आळ घेऊ नका." मी त्या काडीकडे बघत राहिले आणि मला एकदम आनंद झाला. पन्नाशी उलटलेल्या बाईला स्वतःच्या अंगात नवीन सापडतं ते सगळं कमी झालेलं असतं: केस कमी, दात कमी, झोप कमी. इथे चक्क एक हाड जास्त निघालं होतं, आणि ते जन्मापासून मुकाट्यानं माझ्याबरोबर शाळेत, लग्नात, बाळंतपणात हिंडलं होतं. माझा धंदा हाडांचा असल्यामुळे मी सवयीनं विचारलं, "पण बरगडी आहे तर हा मणका पाठीचा कशावरून नाही?" डॉक्टर हसले. "बरगडीकडे कशाला बघता? मणक्याकडे बघा ना. याचे दोन्ही पंख खाली झुकलेत, म्हणजे मान. त्याच्या खालच्याचे वर उचललेत, तिथून पाठ. बरगडी काय, कुठेही उगवते." आणि मी स्टुलावरून उठलेच. त्याचं माझ्या मानेशी काही देणंघेणं नव्हतं. मला दुसरीच एक मान आठवली होती, आणि त्या मानेच्या मालकाचं नाव मला आजच्या दिवसात कळवायचं होतं.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं, लोक आपापल्या माना घेऊन चालले होते. एरवी माझ्या हे लक्षात येत नाही. कुणाची कॉलरमध्ये बुडालेली, कुणाची फोनकडे वाकलेली, एका बाईची बाळाला बघायला मागे वळलेली. मी बस पकडली आणि घरी जायच्या ऐवजी संग्रहालयाचं तिकीट काढलं. आमच्या संग्रहालयाच्या तळघरात एक जनावर आहे. आहे म्हणजे त्याचे मणके, बरगड्या, शेपटीचा बराचसा भाग आणि एक मांडी आहे. डोकं नाही, या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरांची डोकी लहान आणि नाजूक, ती कुठे हरवतात कोण जाणे. ते सापडलं तेव्हा मी सरांची विद्यार्थिनी होते. गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणत होते, यंत्राच्या दातांना काहीतरी वेगळं लागलं आणि निरोप आला. सर होते त्या कपड्यांत धावले. खड्ड्यात उतरून पालथे पडले आणि मला म्हणाले, "जीभ लाव." मी म्हटलं, "कशाला?" "दगडाला. चिकटली तर हाड." जुन्या हाडाला बारीक भोकं असतात, ती ओल ओढून घेतात, म्हणून जीभ चिकटते, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पुस्तकाला जीभ नसते. मी लावली. ती अशी घट्ट बसली की मला बोलता येईना, आणि सर खड्ड्यात लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. त्या क्षणाइतकी खूश मी आयुष्यात फार थोड्या वेळा झाले असेन. चव मातीची होती, थोडी गंजलेल्या लोखंडाची.

सरांचा एक नियम होता. हाडं पूर्ण साफ होऊन, मांडून, मोजून होईपर्यंत जनावराला नाव द्यायचं नाही. तोवर ते "पाहुणे". "पाहुण्यांना आज ओल लागली का?", "पाहुण्यांची शेपूट कपाटावर ठेवू नका," असं आमचं चाललेलं असे, आणि नव्या शिपायाला वाटे की तळघरात कुणी म्हातारे गृहस्थ राहतात. नियमामागचं कारण सर गंभीर चेहऱ्यानं सांगत: नाव दिलं की माणूस बघायचं थांबतो. ते इतक्या वेळा सांगत की आम्ही ते ऐकायचं थांबलो होतो. पण सर स्वतः एक गोष्ट करत, आणि ती मात्र आम्ही कुणी कधी शंका म्हणून तपासली नाही. खड्ड्यात हाड उघडं पडलं की ते त्यावर पांढऱ्या रंगाची बोटभर पट्टी ओढत आणि काळ्या शाईनं लिहीत: मान अमुक, पाठ तमुक, शेपूट तमुक. सुंदर अक्षर. त्या पहिल्या आठवड्यात, मावळतीच्या उजेडात, एका मणक्याला लगटून एक लांब कमानदार बरगडी दिसली. या जनावरांच्या मानेलाही बरगड्या असतात, पण त्या बारीक, काठीसारख्या. ही चांगली रुंद होती, छातीच्या पिंजऱ्याची. सर म्हणाले, "झाली पाठ सुरू," आणि त्यांनी पट्टी ओढून लिहिलं, पाठ एक. मग प्लास्टर चढलं, सगळं तळघरात आलं, सर निवृत्त झाले, मी त्यांच्या खुर्चीत बसले, आणि इतकी वर्षं तो मणका साफ करताना, मोजताना, त्याचं चित्र काढताना आम्ही सगळ्यांनी ती पट्टीच वाचली.

यात बिघडलं काय, असं कुणीही विचारेल. एक मणका इकडचा तिकडे. बिघडलं ते नावात. तो मणका पाठीचा धरला की याची मान नातेवाइकांपेक्षा एका मणक्यानं कमी भरते, म्हणजे लांब मानेच्या घराण्यातला हा आखूड मानेचा. त्यावरच तर आमचा सगळा लेख उभा होता. जनावराला आम्ही नाव दिलं होतं दोन शब्दांचं, रिवाजाप्रमाणे. पहिला शब्द सरांच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून केलेला. दुसऱ्याचा अर्थ आखूड मानेचा. पहिला मी ठरवला, दुसरा सरांनी सुचवला. आमच्या धंद्यात स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, ते फार हलकं समजतात. पण गुरूचं दिलं तर सगळे मान डोलावतात. सरांना मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं, त्यामुळे दोन्ही शब्द त्यांनाच लागू आहेत असं तळघरातली मंडळी म्हणत, आणि सरांना ते कळल्यावर ते सर्वांत मोठ्यानं हसले होते. लेख स्वीकारला गेला होता. छपाईपूर्वीची शेवटची प्रत माझ्या टेबलावर होती. परदेशातल्या शोधपत्रिकेच्या संपादिकाबाई संध्याकाळपर्यंत माझा होकार मागत होत्या. आणि आमच्याकडचा कायदा असा विचित्र की एकदा नाव छापलं की छापलं. उद्या त्या आखूड मानेच्या जनावराची मान जगात सगळ्यांत लांब निघाली तरी ते कायमचं आखूड मानेचंच राहणार, आणि त्याच्या पुढे, कायमचं, सरांचं नाव.

बसमध्ये मी स्वतःची समजूत घालत होते. ती मी चांगली घालते, नवराही मान्य करतो. डॉक्टर माणसांच्या मानेबद्दल बोलले, डायनासोरांच्या नाही. रोज शंभर माना बघणाऱ्या पोराचं एक वाक्य ऐकून कुणी तीस वर्षांचं काम मोडतं का? पण डोळे मिटले की मला तो मणका दिसत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्यावर पट्टी नव्हती. त्याचे पंख खाली झुकलेले होते. मला ते नेहमीच माहीत होतं! मी स्वतः त्याचं चित्र काढलंय, झुकलेल्या पंखांसकट, आणि खाली लिहिलंय "पाठीचा मणका, पंख विशेष झुकलेले". विशेष! जनावर जीव तोडून सांगत होतं आणि आम्ही त्याला विशेष म्हणून गप्प बसवलं. मला इतकं हसू आलं की शेजारच्या बाईंनी पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

तळघरात डेंटिस्ट होता. हा आमचा हाडं साफ करणारा. दातांच्या डॉक्टरकडची जुनी यंत्रं घेऊन त्यांनी दगड कोरतो, म्हणून डेंटिस्ट. काम करताना तो हाडाशी बोलतो, "आ करा, थोडंसं दुखेल." मी म्हटलं, "पाठ एक काढ." तो म्हणाला, "ताई, आज? आज तर पेढ्याबिढ्यांचा दिवस." "आधी काढ." त्यानं मणका वाळूच्या उशीवर ठेवला. बरगडी अजून त्याला चिकटलेली होती. सुंदर दिसते म्हणून आम्ही ती कधी सोडवली नव्हती. मी म्हटलं, "ती जिथे मणक्याला टेकते तिथे कोर. सांधा असेल तर हाडाला हाड भिडेल." तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं दिवा ओढला, यंत्र सुरू केलं, आणि या वेळी तो हाडाशी काही बोलला नाही. मी मागे उभी राहून प्रार्थना करत होते, आणि प्रार्थना कशासाठी ते मला ठरवता येत नव्हतं. हाडाला हाड भिडलं तर मी आत्ता वर जाऊन होकार पाठवीन, सरांचं नाव जनावराला लागेल, मी सुटेन. नाही भिडलं तर मात्र त्या जनावराची मान त्याला परत मिळेल. आणि मला, खरं सांगायचं तर, ते दुसरं जास्त हवं होतं, आणि त्याची लाज वाटत होती. बऱ्याच वेळानं डेंटिस्टनं चष्मा कपाळावर चढवला. "मध्ये दगड आहे," तो म्हणाला. "नखाएवढा. पण सगळीकडे आहे. ही बाई इथली नाहीच, ताई. नुसती येऊन टेकलीय." मग त्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला आणि हळूच विचारलं, "सरांना कोण सांगणार?"

सरांना कोण सांगणार? सर पंच्याऐंशीच्या घरातले. त्यांच्या डोळ्यांनी मधोमध दिसायचं बंद केलंय, फक्त कडेचं दिसतं, म्हणून ते माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघतात. मागच्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात जाऊन आले. लेख स्वीकारल्याचं कळल्यापासून त्यांनी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं की आता मी डायनासोर होणार. दुकानदार त्यांना "या, डायनासोर" म्हणतो आणि ते त्याबद्दल बिस्किटं घेतात. आता लेख मागे घ्यायचा म्हणजे सगळी मोजमापं पुन्हा, चित्रं पुन्हा, तपासणाऱ्यांच्या शंका पुन्हा. एक वर्ष तरी कुठे गेलं नाही. वर्षभर. मला भीती वाटत होती ती एवढ्या एकाच गोष्टीची, की मी हाड बरोबर बसवीन आणि नाव द्यायला सर नसतील.

वरच्या दालनात मुलांनी हात लावावा म्हणून त्याच मणक्याचा, बरगडी सोडून केलेला, प्लास्टिकचा पोकळ नमुना ठेवलेला आहे. तो मी उचलला, चादरीत गुंडाळला आणि पुन्हा बसमध्ये बसले. तो चांगला टोपल्याएवढा, मांडीवर मावेना. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "मान." त्यानं माझ्याकडे बघितलं, चादरीकडे बघितलं आणि सामानाचं तिकीट न फाडताच तो पुढे गेला.

सरांचं दार त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, उघडलं. "ये ग. सकाळपासून दाढी करून बसलेत," त्या म्हणाल्या. सर खिडकीपाशी होते. माझ्या कानाकडे बघून म्हणाले, "पाठवलंस?" मी म्हटलं, "सर, एक घोटाळा झालाय." "छपाईत?" "आपल्यात." बोलून सांगण्याची मला हिंमत नव्हती, म्हणून मी तो नमुना त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "कुठला ते सांगा." सर खूश झाले. परीक्षा त्यांना आवडते, घ्यायलाही आणि द्यायलाही. त्यांची बोटं मागच्या खळग्यात गेली, पुढच्या गोल भागावर फिरली, मग बाजूंनी पंखांवरून सरकत खाली, खाली, टोकापर्यंत. "सोपा आहे," ते म्हणाले. "मानेचा. अगदी शेवटचा." "नाही सर. आपल्या लेखात मानेचा शेवटचा याच्या आधीचा आहे. हा तुम्ही पाठ एक लिहिलेला." बोटं थांबली. "बरगडी?" "नुसती शेजारी पडली होती. आज कोरून बघितलं. मध्ये दगड आहे, नखाएवढा." "नखाएवढा," सर म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून, खळग्यापासून, हात फिरवायला घेतला. काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्याच राहिल्या.

"मला हवं होतं ग ते नाव," सर शेवटी म्हणाले. हा माणूस असं काही बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी पदकं ड्रॉवरमध्ये मोज्यांखाली ठेवलेली मी बघितली आहेत. "गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही आता." काकू म्हणाल्या, "दवंडी पिटायची घाई तुम्हालाच होती." मी घाईघाईनं बोलायला लागले. म्हटलं, "सर, अजून वेळ आहे. आज होकार देऊन टाकते. नाव छापून येऊ दे. मग पुढच्या वर्षी आपणच दुरुस्तीचा लेख लिहू, असं पुष्कळ जण करतात." "आणि नाव?" "नाव तेच राहील." "आखूड मानेचा." "हो." "कायमचा." "हो, सर." मग त्यांचे खांदे हलायला लागले, कानापर्यंत गेले, आणि मला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते. "अग, आखूड मानेचा मी आहे! त्यानं काय केलंय? एवढी हातभर जास्त मान घेऊन आयुष्यभर पाला खाल्ला बिचाऱ्यानं, आणि मी त्याची मान कापू? तीही माझं नाव पुढे लावून?" मग एकदम विद्यार्थ्यावर खेकसावं तसे म्हणाले, "हातभर म्हणजे किती? मोजलंस का? न मोजता आलीस?"

मोजमापं माझ्या डोक्यात होती, पण सरांना डोक्यातली चालत नाहीत. काकूंनी कपडे वाळत घालायची दोरी सोडून दिली, कुरकुरत. आम्ही तिघं गल्लीत उतरलो. मी दोरीचं टोक धरून दाराशी उभी राहिले, म्हणजे मी खांदा. सर दुसरं टोक आणि काठी घेऊन भिंतीच्या कडेनं निघाले. "मोज," ते म्हणत आणि मी एकेका मणक्याची लांबी ओरडून सांगे, काकू मोजपट्टीनं दोरीवर मोजून चिमटे लावत. जुनी मान शेजाऱ्यांच्या फाटकापाशी संपली. "आता हा," मी ओरडले. दोरी पुन्हा ताणली, काकूंनी चिमटा लावला आणि सर फाटक ओलांडून पलीकडे गेले, शेजाऱ्यांच्या फांदीखाली. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. "काय चाललंय, डायनासोर?" "मान वाढली," सर त्याला म्हणाले. ते तिथे उभे होते, हात डोक्यावर उचलून दोरीचं टोक फांदीला लावत, चेहरा वर केलेला, आणि त्यांना त्या पानांतलं कडेकडेचं काही दिसत असणार, कारण त्यांच्या चेहऱ्यावर खड्ड्यात होता तसाच आनंद होता. मला मात्र या टोकाला उभं राहून ते फार लांब वाटले.

फोन वाजला. संपादिकाबाई. मी खांदा एका हातात धरून त्यांना सांगितलं की लेख थांबवा, आम्ही एक मणका चुकलोय. त्या दचकल्या, मग चांगल्या वागल्या. किती वेळ लागेल? वर्षभर. नाव तेच? दुसरा शब्द बदलेल, पहिला तोच. मग त्या घुटमळल्या. अवघड प्रश्न विचारताना माणसं आवाज मऊ करतात, तो मला इतक्या लांबूनही कळला. त्या म्हणाल्या, वर्ष म्हणजे मोठा काळ, आणि ज्यांचं नाव द्यायचं ते गृहस्थ, तुम्ही लिहिलं होतं, बरेच वयस्कर आहेत. काकू चिमट्यांचा डबा धरून माझ्याकडे बघत होत्या.

"कोण आहे?" सर फांदीखालून ओरडले.

"संपादिकाबाई. विचारताहेत, वर्षभर थांबायचं तर तुमचं काय."

सरांनी दोरी सोडली नाही. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "म्हणावं, घाई नका करू! मी आहे!"

मी फोन तोंडाशी धरला. "ते आहेत," मी म्हटलं.